चौथ्या भागापासून

वाचनालयात त्या कादंबरीमालेचा पहिला भाग नव्हता, म्हणून मी सरळ चौथा उचलला. वाफेवर उडणारी जहाजं, धूर ओकणारं शहर आणि खुनाचा तपास करणारी एक बाई, जिचा डावा हात पितळेचा आहे. खरा हात कसा गेला, हे पुस्तकात सगळ्यांना ठाऊक आहे, मला नाही. तरी तिसाव्या पानापर्यंत ती बाई माझी झाली होती. ती चिडली की पितळी बोटं करकरतात, एवढं मला पुरलं.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हाही असाच मधला भाग चालू होता. सासूबाई आणि त्यांच्या नणंद, आमच्या आत्याबाई, एका घरात राहून एकमेकींशी बोलत नसत. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण आत्याबाईंचा बिनसाखरेचा चहा सासूबाई रोज आठवणीने वेगळा काढत आणि माझ्या हाती पाठवत. त्या कपावरून मला दोघी कळल्या.

आज ग्रंथपाल म्हणाले, "ताई, पहिला भाग परत आलाय. देऊ?"

"राहू दे," मी म्हटलं, "पाचवा द्या."