तांबेकाकूंचा वॉर्ड

सकाळी सात ते आठ या तासात आमच्या घरी कुणी कुणाचं ऐकत नाही. तव्यावर पोळी, शेजारच्या बर्नरवर फरसबी, नवऱ्याला मोजा सापडत नाहीये, आणि आमची रसिका, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली लेक, बाथरूमला कडी लावून बसलेली. त्यात दारावर टकटक झाली.

दार उघडलं तर समोरच्या तांबेकाकू. केस विंचरलेले, साडीला पिन, हातात घडी केलेला कागद. या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना गबाळं असं मी कधी पाहिलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातून इंजेक्शन घेतलंय.

"पोळी करपतेय बघ," त्या म्हणाल्या आणि आत येऊन डायनिंग टेबलाशी बसल्या. "तुझं आवरू दे. मला घाई नाही."

घाई नसलेलं माणूस सव्वासातला येत नाही. मी कागद ओळखला. माझंच अक्षर होतं.

झालं होतं असं की, गेल्या महिन्यात सोसायटीने सगळ्यांकडून माहितीचे फॉर्म भरून घेतले. काकूंनी पूर्वीच्या नोकरीपुढे लिहिलं, 'सैन्यात नर्सिंग ऑफिसर, १९७० ते १९७५'. आमचा सेक्रेटरी जितेश फॉर्म घेऊन त्यांच्या दारात. "आंटी, ये अंकल का है ना?"

"अंकल म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात स्टोअरकीपर होते," काकू म्हणाल्या. "त्यांना रक्त बघून चक्कर यायची."

मग ठरलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर काकूंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. मानपत्र कोण लिहिणार? उर्मिला, म्हणजे मी. मराठीत एम.ए. केलं की आयुष्यभर हळदीकुंकवाची आमंत्रणं आणि मानपत्रं लिहावी लागतात. काकू स्वतःबद्दल फार बोलत नाहीत, म्हणून मी मला सुचेल तसं लिहिलं होतं, '१९७१च्या युद्धात आपल्या शेकडो जखमी जवानांना मृत्यूच्या दाढेतून ओढून आणणारी रणरागिणी.' लिहून झाल्यावर मला ते आवडलंही होतं, आणि आदल्या संध्याकाळी जितेशला दाखवून मी तो कागद काकूंना वाचायला दिला होता.

नवरा एकदाचा गेला. मी दोन कप चहा ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले.

"रणरागिणी खोड," काकू म्हणाल्या. "मी कुणावर ओरडलेसुद्धा नाही."

"बरं."

"आणि जवानही खोड. युद्धात माझ्या वॉर्डात आपला एकही जवान नव्हता."

मला काही कळेना. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि सावकाश सांगितलं.

त्या रत्नागिरीजवळच्या एका वाडीतल्या. वडील महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, छप्पन्न साली बौद्ध झालेले. मुलगी नर्सिंग शिकली, सैन्यात लेफ्टनंट झाली, पंजाबातल्या लष्करी इस्पितळात रुजू झाली. तिथे खोलीत दुसरी एक मराठी लेफ्टनंट होती. काकूंचं तांबे आडनाव माहेरचंच, लग्नानंतरही तेच ठेवलेलं; ते ऐकून तिने पहिल्या दिवशी विचारलं, तुमचं कुलदैवत कुठलं?

इथे मी चहाकडे बघितलं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मीही त्यांना हेच विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या होत्या, लांबचं आहे.

"दोन महिने छान गेले," काकू म्हणाल्या. "मग वडिलांचं पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड म्हणजे उघडं, टेबलावर पडलेलं. वर पहिलीच ओळ, सप्रेम जयभीम. दुसऱ्या दिवशी तिने आपला पाण्याचा माठ खिडकीकडे नेला. बोलणं तसंच गोड. फक्त माठ हलला."

"तुम्ही तक्रार नाही केली?"

"कशाची? माठ हलवल्याची?"

डिसेंबरात युद्ध पेटलं. जखमी येऊ लागले तसे शत्रूचे जखमी कैदीही आले. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळा वॉर्ड उघडला. तिथे जायला कुणी राजी नव्हतं, आणि ड्युटी लावणाऱ्या बाईंनी काकूंचं नाव लिहिलं. का, ते कुणी सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही.

एवढ्यात रसिका ओले केस पुसत बाहेर आली होती आणि दाराशीच उभी राहिली होती. "आजी, अगदी हेच अमेरिकेत झालंय. दुसऱ्या महायुद्धात. आम्हाला पेपरला आहे."

"काय झालंय?"

"तिथल्या काळ्या नर्सेस. ऑफिसर होत्या, लेफ्टनंट. पण गोऱ्या सैनिकांना त्यांनी हात लावलेला चालायचा नाही. मग त्यांतल्या पुष्कळ जणींना जर्मन कैद्यांची सेवा करायला पाठवलं. आणि आजी, काही गावांत त्या कैद्यांना हॉटेलात बसून जेवू द्यायचे. या बायकांना नाही."

काकूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गणवेशात असतानासुद्धा?"

"गणवेशात असतानासुद्धा."

"पगार तरी सारखा होता का त्यांना?"

"ते बघावं लागेल," रसिका म्हणाली.

"बघ आणि सांग मला." मग माझ्याकडे वळल्या. "माझ्या वॉर्डात कैद्यांच्या मगांच्या कानांवर लाल रंगाचा पट्टा मारलेला होता. मी हवालदाराला विचारलं, हे कशाला? म्हणाला, सिस्टर, बाकीच्यात मिसळायला नकोत. आमच्या गावात खोताच्या मागल्या दारी आम्हाला करवंटीतून चहा मिळायचा, उर्मिला. कप मिळायचा नाही. मला पट्टा कशाला असतो ते सांगायला नको होतं."

"मग?"

"मग काय! चार वाजता चहा आला. मी लाल पट्ट्याचा एक मग घेतला, त्यात चहा ओतून घेतला आणि वॉर्डाच्या मधोमध उभी राहून प्यायले. हवालदार घाबरला. म्हणे, मॅडम, आप अफसर हैं! म्हटलं, अरे वा, आज लक्षात आलं का तुझ्या?" काकू हसल्या. "रोज चार वाजता तेच. पंधरा दिवसांत हवालदार पट्ट्याचे आणि बिनपट्ट्याचे मग एकत्रच उकळून धुवायला लागला. मी हुकूम काढला नाही. त्यालाच वेगळे करायचा कंटाळा आला."

"काकू, हे लिहायलाच हवं!"

"मगाचं नको लिहू. ते तुला म्हणून सांगितलं. मी आले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी."

हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"युद्ध संपल्यावर सुट्टीवर गेले. वडील वेशीपाशी उभे. सगळी वाडी जमलेली. सगळ्यांसमोर विचारलं, कुठल्या जवानाला वाचवलंस? आपल्या रेजिमेंटचा कुणी होता का? चोवीस वर्षांची होते. तोंडातून निघून गेलं, हो, होता एक, नागपूरकडचा. वडील मरेपर्यंत त्या पोराची गोष्ट सांगत होते. लग्नात, बारशात, बुद्धजयंतीला. त्याला त्यांनी नाव पण दिलं होतं. बबन. मी मान डोलवायचे."

स्वयंपाकघरात कुकरची वाफ फुसफुसत होती. मी उठले नाही.

"एकोणीस कैदी होते माझ्याकडे. सतरा चालत किंवा कुबडीवर घरी गेले. त्यांचं काम मी चोख केलं, आणि तेच सांगायची मला लाज वाटली. आता तू लिहिलंस ते फ्रेममध्ये जाणार. म्हणजे बबन पुन्हा जिवंत."

तेवढ्यात जितेश आला. दार उघडंच होतं. "भाभी, मानपत्र रेडी? फ्रेमवाला दस बजे मागतोय."

मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याचा चेहरा पडला. भला मुलगा आहे, पण सोसायटीत एकशेवीस फ्लॅट आहेत आणि त्याला सगळ्यांची तोंडं दिसतात.

"आंटी, आपने सेवा की, वो तो सही है," तो म्हणाला. "पण सव्वीस जानेवारीला, झेंड्याखाली, दुश्मनाचे कैदी? लोग उल्टा समझेंगे. भाभीने जे लिहिलंय ते एकदम मस्त आहे. रणरागिणी! कोण विचारायला येणार आहे?"

"कुणीच नाही," काकू म्हणाल्या. "पंचावन्न वर्षांत कुणी आलं नाही."

"मग राहू दे ना. फक्त 'युद्धात सेवा केली' असं लिहू. सेफ आहे. खोटं पण नाही."

जितेश माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, काय हरकत आहे? कुणाचंच मन दुखणार नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी तो कागद उलटा केला होता आणि माझ्याकडे पेन मागत होत्या. मी फ्रीजवरचं दिलं. त्यांनी पाठच्या कोऱ्या बाजूवर नर्सच्या सुटसुटीत अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद जितेशच्या हातात दिला.

"शाल नको, नारळ नको, रणरागिणी आणि जवान सोडून बाकीचं मानपत्र उर्मिलाला हवं तसं लिहू दे," त्या म्हणाल्या. "फक्त ही एक ओळ छाप, आणि माईकवर वाचताना गाळू नकोस. लेफ्टनंट सुलोचना तांबे, १९७१, युद्धकैद्यांचा वॉर्ड."