हट्ट्याचे डॉक्टर काळे 'सर'

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. हिंगोलीत एसटी डेपोसमोरच्या टपरीवर आम्ही सगळे एमआर सकाळी जमायचो. म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारी आमची जमात! त्या वर्षी चहासोबत विषय एकच... आज कोणाचा नंबर लागला?

आमच्या कंपनीनं दोन डिव्हिजन एकत्र केली होती. त्यामुळं एका कामाला दोन माणसं झाली. परभणीच्या मित्राची बदली थेट आसामला काढली. बिचाऱ्यानं राजीनामा दिला, आणि कंपनीला तेच तर पाहिजे होतं.

घरी मी काहीच बोललो नव्हतो. बायकोला सातवा महिना लागलेला. "काहून गप्प गप्प राहून राहिलात वो?" ती विचारायची. टार्गेटचं टेन्शन आहे म्हणायचं आणि टाय बांधून निघायचं.

अशात एका मंगळवारी नांदेडहून आमचे मॅनेजर न सांगता येऊन टपकले. दीक्षित साहेब. पन्नाशीचा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. माझ्या गाडीवर मागं बसले आणि म्हणाले, "आज हट्ट्याला जाऊ."

मी किक मारायचंच विसरलो!

कारण सांगतो. आम्हाला रोज रिपोर्ट लिहावा लागायचा... कोणत्या डॉक्टरला भेटलो, काय बोलणं झालं. हट्टा माझ्या एरियाच्या पार टोकाला, यादीत तिथला डॉक्टर एकच, आणि रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हायची. खरं सांगतो, मी तिकडं एकदाही फिरकलो नव्हतो. तिथल्या मेडिकलवाल्याला फोन करायचा, आमचं सिरप किती खपलं ते विचारायचं आणि ठोकून द्यायचं... 'डॉ. एस. व्ही. काळे यांना भेटलो. सर खूश आहेत.'

एकदा तर मी लिहिलं, 'सरांना क्रिकेटची फार आवड.' बेशरमपणाची हद्द! नाव मला आधीच्या एमआरच्या यादीतून मिळालेलं. माणसाचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

औंढ्याला चहाला थांबलो, तेव्हा साहेब खाली बघत बोलले, "वरून दोन नावं मागितलीत. महिनाअखेरपर्यंत. कारणासकट." मी चहा तसाच ठेवून गाडी काढली.

हट्ट्यात दवाखाना विचारत विचारत गेलो. ज्या दवाखान्यात मी दर महिन्याला 'जात होतो', त्याचा पत्ता मी पानवाल्याला विचारतोय आणि मागं साहेब ऐकतायत! पोहोचलो तर पाटी... डॉ. सौ. शकुंतला काळे.

साहेबांनी पाटी वाचली. मीपण वाचली. माझे कान तापले.

मॅडम दारातच होत्या. मी कंपनीचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं झालं आलात बाबा. तुमच्या कंपनीचा माणूस तर आजवर दिसलाच न्हाई इथं. बसा, एवढे पेशंट उरकते." संपला खेळ!

साहेब मला बाहेर लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेले. बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. राजीनामा. नावाची आणि सहीची जागा तेवढी कोरी. "सही कर. आसामपेक्षा हे बरं. कुठंतरी लागशील."

मी पेन उघडला. चूक माझीच होती, सही केलीही असती... पण एकदम आठवलं आणि डोकंच फिरलं. मॅनेजरलाही महिन्यातले ठरावीक दिवस आमच्यासोबत फिरावं लागायचं. ते दिवस भरायला साहेबांनीही रिपोर्टात दोनदा हट्टा दाखवलं होतं. नांदेडला घरी बसून, मला फोनवर विचारून!

"साहेब, जूनमध्ये तुमीपण होतात की माझ्यासोबत. सरांशी क्रिकेटवर छान चर्चा झाली, असं तुमी लिहिलंय. कॉपी आहे माझ्याकडं." माझा आवाज इतका चढला की बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली दगडावरच बसले. "विसरलोच होतो रे," म्हणाले, "किती खोटं लिहिलं ते आता लक्षातसुद्धा राहत नाही. माझ्याही डोक्यावर बसलेत की वरचे." मग त्यांनी कागद चार घड्या करून खिशात कोंबला. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

तेवढ्यात मॅडमनी आत बोलावलं. "तुमचं सिरप लई कडू आहे वो. लेकरं थुंकून टाकतात. मेडिकलवाला देतो म्हणून मी लिहिते, पण कंपनीला सांगा की कोणी तरी." साहेबांनी वही काढून शब्द न शब्द लिहून घेतला. हट्ट्याचा तो पहिला खरा रिपोर्ट.

महिनाअखेरीला साहेबांनी एकच नाव दिलं. जिंतूरच्या पोराचं. त्याला दुसरीकडं नोकरी लागलेलीच होती. दुसऱ्या नावाला कारण सापडत नाही म्हणून कळवलं.

दोन महिन्यांनी दुसरं नाव कंपनीनं स्वतःच काढलं. दीक्षित साहेबांचं.

बातमी टपरीवर कळली. तोवर मला मुलगी झाली होती. समोरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला, नुसतं 'साहेब' म्हणालो. साहेबच म्हणाले, "अरे, बोल ना. लेक कशी आहे?"

"बरी आहे साहेब." बस, एवढंच बोललो. माफी नाही, आभार नाही... फोन ठेवून दिला. पुढची सहा वर्षं त्या नोकरीवर माझं घर चाललं. आज साहेब नाहीत, म्हणून इथं लिहितोय. साहेब, हट्ट्यात तुमच्याशी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं मी.