गाळलेली दीड ओळ

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औषधांच्या दुकानात उभी होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंचा फोन. "जिजी, लवकर घरी या, भाऊ उठत नाहीयेत," एवढंच त्या बोलल्या, पण आवाजावरून मला काय ते कळलं. दुकानदार गोळ्यांच्या दोन पट्ट्या कागदी पिशवीत घालत होता. मी पिशवी घेतली आणि मगच निघाले. माणूस गेला हे कळल्यावर त्याच्या गोळ्या कशाला घेतल्या, ते मला आजही सांगता येत नाही. इथे ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून घरी चालत दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी किती लागली ठाऊक नाही. त्या गोळ्या स्मरणशक्तीच्या होत्या. दर महिन्याला मीच आणत असे. आणि त्याला त्यांची गरज नव्हती, हे फक्त मला माहीत होतं... त्याला जाऊन आता दीड महिना झाला. जे झालं ते लिहून टाकते.

मनोहर माझा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान. माझी शाळा चौथीनंतर सुटली, म्हणजे सोडवली. त्याला मात्र शिकवलं. तो इंग्रजीचे धडे पाठ करायचा तेव्हा पुस्तक माझ्या हातात असे. मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याच्याच पुस्तकावरून अक्षरं ओळखायला शिकले होते. तो म्हणायचा आणि मी ओळीखाली बोट सरकवायची. त्याने ओळ गाळली की टपली मारायची. "एक ओळ खाल्लीस, मन्या." तो चिडायचा, "तुला अर्थ तरी कळतो का?" मी म्हणायची, "अर्थ नाही कळत, ओळ कळते. परत म्हण."

पुढे मी लग्न होऊन झाशीला गेले, तो इथेच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागला. लग्न केलं नाही. मी विधवा झाल्यावर परत ग्वाल्हेरला आले ती त्याच्याकडेच. वीस वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो. फार गोडीने राहिलो असं मी लिहिणार नाही. तो चहात चोरून साखर घालायचा, मी डबा लपवायची, तो शोधून काढायचा. दोन-दोन दिवस अबोला चालायचा. पण निवृत्त झाल्यावर त्याला एक काम सापडलं आणि तो सुधारला. लोकांच्या जुन्या, मंद पडलेल्या कॉम्प्युटरवर तो लिनक्स नावाची सिस्टिम घालून द्यायचा आणि ती बिघडली की दुरुस्त करायचा. लश्कर, मुरार, हजीरा, शहराच्या सगळ्या भागांतून माणसं यायची. पुढच्या खोलीत टेबलावर नेहमी कुणाचं ना कुणाचं यंत्र उघडं पडलेलं असे.

मग मधुमेहाने त्याचे डोळे गेले. एकदम नाही, दोन वर्षांत हळूहळू. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, अक्षर दिसत नव्हतं. कॉम्प्युटर स्वतःच वाचून दाखवतो असा एक प्रोग्राम त्याने बसवून पाहिला होता, पण बिघडलेल्या यंत्रात तो प्रोग्रामही मुका होतो. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. एक दिवस तो मला म्हणाला, "जिजी, तुला अक्षरं येतात ना अजून?"

"येतात. विसरायला काय झालं?"

"मग बस इथे. मी सांगेन ते दाबायचं आणि दिसेल ते वाचायचं. फक्त वाच. ठरवायचं काम माझं."

तेव्हापासून मी खुर्चीवर आणि तो मागच्या पलंगावर, मांडी घालून, डोळे मिटून. मी एल, आय, बी असं एकेक अक्षर वाचायची, तो म्हणायचा "पुढे." एक नियम त्याने पहिल्याच दिवशी घालून दिला. यंत्र शेवटी विचारतं, करू का नको? हो असेल तर वाय, नाही तर एन. "माझ्या तोंडून हो आल्याशिवाय वाय दाबायचं नाही," तो म्हणाला. "मी गप्प राहिलो तर एन."

त्याच्याकडे यायचा तो बिघाड बहुतेक एकाच प्रकारचा असे. मी विचारलं तेव्हा त्याने समजावून सांगितलं. हल्लीची यंत्रं चौसष्टच्या जातीची, पण लोकांचे जुने प्रोग्राम बत्तीसच्या जातीचे. ते चालवायचे तर दोन्ही जातींचं सामान एकाच यंत्रात ठेवावं लागतं. एकच वस्तू, दोघांची वेगवेगळी. आणि ती दोन्हीकडे एकाच नंबरची हवी. एकाची नवी आली आणि दुसऱ्याची जुनी राहिली की यंत्र अडून बसतं, पुढेही जात नाही, मागेही येत नाही.

"म्हणजे आत्याच्या घरासारखं," मी म्हटलं. "सोवळ्याची भांडी वेगळी, ओवळ्याची वेगळी."

"अगदी तसंच. फक्त इथे कल्हई दोन्हीकडे एकाच दिवशी करावी लागते."

बत्तीसच्या जातीच्या नावाला मागे एक शेपूट असतं, दोन टिंबं आणि पुढे आय-तीन-आठ-सहा. यंत्राच्या स्वतःच्या सामानाला शेपूट नसतं. दुरुस्ती करताना यंत्र आधी यादी दाखवतं, एवढं एवढं मी काढून टाकणार. मनोहर ती यादी कान देऊन ऐकायचा. शेपटीची नावं असली तर हरकत नाही, ती काढून पुन्हा बरोबर नंबरची घालता येतात. पण बिनशेपटीचं एक जरी नाव आलं तरी तो हात वर करायचा. "थांब. एन दाब. दुसऱ्या वाटेने जाऊ." पन्नास नावांतून त्याला ते एक नाव बरोबर ऐकू यायचं. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण मला ते आवडायचं. तोही मला चिडवायचा. गिऱ्हाईक आलं की सांगायचा, "हमारी इंजिनीअर साहब अभी भाजी छौंक रही हैं, बैठिए."

तर मुरारचे गुरुजी. त्यांच्याकडे जन्मपत्रिका मांडायचा वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम होता, बत्तीसच्या जातीचा. लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्यांनी स्वतःच काहीतरी नवं भरायला घेऊन अर्ध्यात सोडलं होतं. यंत्र मांडीवर धरून रिक्षाने आले. "मनोहरराव, ये तो खुल ही नहीं रहा. आठ पत्रिका अडकून राहिल्या आहेत. मुलीकडचे लोक रोज फोन लावतात."

"मुलीकडच्यांना सांगा, ग्रह थांबलेत," मनोहर म्हणाला.

मी खुर्चीवर बसले. त्याने सांगितलं ते दाबलं. यादी आली, ती चांगली दहा ओळींची. मी वाचायला लागले. एक ओळ, दुसरी, पाचवी, आठवी. सगळी शेपटीची. गुरुजी मागे चहा पीत लग्नाचे मुहूर्त सांगत होते. त्याच त्या अक्षरांनी माझा घसा सुकला होता. कंबर दुखत होती हेही खरं, पण ते कारण नाही. कारण कंटाळा. आठ ओळी शेपटीच्या निघाल्या, पुढच्याही तशाच असणार, असं मी ठरवलं. ठरवायचं काम माझं नव्हतं. मी दीड ओळ सोडली आणि शेवटची दोन नावं वाचून म्हटलं, "संपलं."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "ठीक आहे. वाय."

मी वाय दाबलं. यंत्र काय काय काढतंय ते भराभर वर सरकायला लागलं. त्याने सवयीने विचारलं, "काय म्हणतंय?" मी वाचलं. तिसऱ्या-चौथ्या नावाला तो पलंगावरून उठलाच. ते बिनशेपटीचं होतं, इंटरनेट जोडणारं सामान. त्याच्या मागोमाग पडद्यावरची चित्रं दाखवणारं निघालं. त्याने थांबवायला सांगितलं, मी कळा दाबल्या, तोवर व्हायचं ते झालं होतं.

"जिजी, हे नाव मघाच्या यादीत होतं?"

गुरुजींनी कप खाली ठेवला होता. दोघंही माझ्याकडे बघत होते, म्हणजे मनोहर माझ्या दिशेने. मी म्हटलं, "होतं की. वाचलं मी."

"वाचलंस?"

"वाचलं. तुझं लक्ष कुठे होतं?"

हे दुसरं वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती... तो पुन्हा पलंगावर बसला. "मला ऐकू नाही आलं," म्हणाला. मग गुरुजींना म्हणाला, "माफ करा, गुरुजी. चूक माझी."

गुरुजींचं काही नुकसान झालं नाही. दोन दिवसांत मनोहरने त्यांचं यंत्र जसंच्या तसं उभं केलं. त्या दोन दिवसांत मी एक टिंबसुद्धा गाळलं नाही. आठच्या आठ पत्रिका सापडल्या. गुरुजी पेढे घेऊन आले. पण त्यांच्यासमोरच मनोहरने सांगून टाकलं की यापुढे तो काम घेणार नाही. "डोळे गेले तेव्हा वाटलं होतं कान आहेत, डोकं आहे. आता लक्षच राहत नाही. दुसऱ्याच्या वस्तूशी खेळू नये." गुरुजींनी पुष्कळ समजावलं. मी आत पेढ्यांसाठी बशी शोधत राहिले.

टेबल रिकामं झालं. माणसं यायची, तो "आता नाही होत" म्हणून परत पाठवायचा. डॉक्टरांकडे गेला, स्वतःच म्हणाला, स्मरणशक्ती जातेय. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळी अंघोळीनंतर तो पाढे म्हणायला लागला, स्वतःला तपासायला. भाजीवाल्याचं, दूधवाल्याचं नाव मला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करायचा. जो माणूस पन्नास नावांतून एक नाव उचलायचा, तो एका सकाळी एकोणिसाच्या पाढ्यात अडला. "एकोणीस साते... एकोणीस साते..." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "एकशे तेहेतीस." बाहेर एकदम शांत झालं. मी हात पुसत बाहेर आले. तो पलंगावर बसला होता, ओल्या केसांनी, आणि रडत नव्हता, नुसता बसला होता.

मी म्हटलं, "मन्या, त्या दिवशी गुरुजींच्या वेळेला..."

"राहू दे, जिजी. तू नको माझी समजूत घालूस."

मी स्वयंपाकघरात परत गेले. सांगितलं असतं तरी त्याला ती समजूतच वाटली असती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते बरोबर नाही. एक वाक्य होतं, ते मी बोलले नाही. मला लाज वाटत होती, आणि दर दिवसागणिक ती वाढत गेली. पाच महिने मी गोळ्या आणल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच, दुपारी.

तेराव्याला गुरुजी आले होते. सगळे उठल्यावर मी त्यांना सांगितलं. दीड ओळ गाळली, वर खोटं बोलले, सगळं. ते उपरण्याचं टोक चाळवत बसले. मग म्हणाले, "मला का सांगता, जिजीबाई?"

"ज्याला सांगायचं तो नाही म्हणून."

"पितृपक्षात त्यांच्या नावाने पाणी सोडताना मनात म्हणा. पोचतं ते."

"पाण्याला सांगून काय होणार, गुरुजी? मी त्याच्यासमोर पाच महिने होते."

गुरुजी उठले. जाताना पुढच्या खोलीत क्षणभर थांबले, त्या टेबलापाशी.

टेबलावर आता मनोहरचं स्वतःचं यंत्र आहे. गोळ्यांच्या त्या दोन पट्ट्या खालच्या खणात तशाच आहेत, फोडलेल्या नाहीत. त्याच्याही यंत्रात दोन्ही जातींचं सामान आहे आणि कुठलंसं अर्धवट राहिलेलं काम आहे. ते चालू केलं आणि त्याने शिकवलेल्या कळा दाबल्या की यादी येते, मी एवढं एवढं काढून टाकणार. दुपारी जेवणं झाली, म्हणजे माझं झालं, की मी खुर्चीवर बसते. यादी अकरा ओळींची आहे. मी पहिल्या अक्षरापासून वाचते, मोठ्याने, बोट पडद्यावर ठेवून, शेपटीसकट. सातव्या ओळीत एक बिनशेपटीचं नाव आहे. तिथे थोडी थांबते. मग उरलेलं वाचते आणि म्हणते, "संपलं." यंत्र विचारतं, करू का नको. मागे पलंगावर चादर घडी करून ठेवलेली आहे. मी थोडा वेळ वाट बघते, आणि एन दाबते.