गॅसच्या शेगडीवरची राख

आमच्या घरी खुर्ची यायच्या आधी गॅस आला. नवरा फौजेत. सुट्टीवर आला की घरासाठी काही ना काही करून जायचा. एका खेपेला गॅससाठी नाव घालून गेला आणि नंबर लागला तेव्हा तो पार सरहद्दीवर होता. मी सांगलीत हळदीच्या पेठेजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते, जवळच्या शाळेत शिकवत होते. सत्तर सालानंतरची गोष्ट ही. लढाई संपली होती, तरी तारवाला दुसऱ्याच्या दारात थांबला की तो पुढे जाईपर्यंत मी दाराआडून बघत राहायचे.

गॅस बसवायला आलेला माणूस उंब्रजचा, तोंडाचा फटकळ. त्याने टाकी कोपऱ्यात उभी केली, शेगडी ओट्यावर ठेवली आणि मला समोर उभं करून शाळेतल्या पोरासारखा पाठ म्हणायला लावला. "शेगडी टाकीपेक्षा उंच पायजे, बाई. ह्यो गॅस वर जात न्हाई, जमिनीवर बसतो. वास आला तर खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा न्हाई. नळी तपासायची ती साबणाच्या पाण्यानं. बुडबुडा आला की समजायचं, गळतीय. काडी पेटवून बघायला गेलासा, तर बघायला उरणार न्हाईसा."

मी मुळातच नेमाची. दर रविवारी नळीला साबणाचं पाणी लावायचे, बर्नरची भोकं टाचणीने साफ करायचे, काम झालं की टाकीचा खटका बंद. एकटीच्या घरात लक्ष देऊन करण्यासारखं तेवढंच एक काम होतं.

खरं सांगायचं तर गॅसने माझी पंचाईतच केली. आधी स्टोव्हला पंप मारण्यात, काजळी पुसण्यात संध्याकाळ जायची. आता भात-आमटी चुटकीसरशी व्हायची आणि पुढची सगळी संध्याकाळ आ वासून उभी राहायची. शेजारणी सुरुवातीला नवी सून बघायला यावं तशा गॅस बघायला आल्या, निळ्या ज्योतीचं कौतुक करून गेल्या. मग त्यांचीही हौस फिटली. मी एकटी होते आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

म्हणून मी सासूबाईंना बोलावून घेतलं. मी त्यांना आत्या म्हणायचे. वडूजकडच्या आमच्या गावी थोरले दीर-जाऊ होते, त्यामुळे त्यांच्यावाचून तिथे अडत नव्हतं. "आठ दिस बघते. करमलं तर ऱ्हाईन," म्हणत त्या आल्या. येताना बाजरी, घेवडा आणि भांडी घासायला चुलीतली राख घेऊन आल्या.

त्यांनी राहावं म्हणून मी काय नाही केलं! पण उंच ओट्यापाशी त्यांना उभं राहवत नसे. "शेगडी खाली घे की गं," म्हणायच्या. मी आपली गॅस जमिनीवर बसतो वगैरे समजावत राहायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि शेगडीकडे पाठ करून उंबऱ्यावर जाऊन बसायच्या. गावी चुलीसमोर बसल्या की त्यांच्या तोंडाला खळ पडत नसे. इथे दोघी असूनही घर गप्प. "ह्यो कसला इस्तू? न्हाई राख, न्हाई निखारा," एवढंच काय ते बोलायच्या. तरी पेटवायला, बंद करायला शिकवलं तशा शिकल्या. मला वाटलं, रुळल्या आता.

एक दिवस शाळा सुटल्यावर घरी आले तर दारातच कुजक्या कांद्यासारखा वास. मांजर येतं म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि आत्या जमिनीवर चटई टाकून गाढ झोपलेल्या. गॅस बसवणाऱ्या त्या माणसाचा पाठ आठवला. खिडक्या ढकलल्या, शेगडीची कळ फिरवली, टाकीचा खटका बंद केला आणि आत्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं. तोंडावर पाणी मारलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "डोकं लय जड झालंय," म्हणाल्या. मग मी रडले, आणि रडता रडता बोललेही बरंच.

वास गेल्यावर आत जाऊन पाहिलं. बर्नरवर राखेचा ढीग होता. चांगली ओंजळभर राख, वरून हाताने थापून बसवलेली.

"हे काय केलंत, आत्या?"

"इस्तू झाकला. बारीक केला आन् वर राख सारली. सांजच्याला फुकून काढला असता."

"अहो, पण हा काय निखारा आहे? राखेखाली ज्योत विझली आणि गॅस नुसता येत राहिला. बंद करायला शिकवलं होतं ना मी?"

"इझवायला शिकवलंस." त्या खाली बघत होत्या. "आगं, शिपायाच्या घरचा इस्तू इझवू न्हाई. माजा मालक लढाईवर हुता तवा माज्या सासूनं चूल कवा थंड पडू दिली न्हाई. माणूस परत येस्तवर राखायचा असतोय. तू रोज उठून खटका बंद करतीस. माज्या जिवाला काय हुतं, तुला काय ठावं?"

मी तिथेच बसले. इतके दिवस मला वाटायचं, तारवाल्याला मी एकटीच भिते. आत्या पाठ करून बसायच्या त्या रुसून नव्हे, मी गॅस बंद करते ते त्यांना बघवत नव्हतं म्हणून. एकाच माणसाची काळजी आम्ही दोघी एका घरात वेगवेगळ्या बसून करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "कोळशाची शेगडी आणते. तिच्यात राखा विस्तव."

त्या टाकीकडे बघून म्हणाल्या, "हिच्याजवळ निखारा ठिवायचा व्हय? तूच म्हणतीस, ह्यो जमिनीवर बसतोय. काल तुज्या घराचं काय झालं असतं, ते कळलं मला."

गावी परत जायला त्यांनी पिशवी भरली.

एसटी स्टँडवर मी न राहवून म्हटलं, "राहा की, आत्या. मला एकटीला नाही करमत."

"मला ठावं हाय, बाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "तू तुजा गॅस नीट बंद करत जा. तिकडं इस्तू मी राखते."

गाडी गेली. घरी येऊन मी एकटीपुरता भात टाकला. भात झाला, कळ फिरवली, मग टाकीच्या खटक्यावर हात ठेवला. तो बंद करायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला.