वैशालीचं प्रॅक्टिकल

वैशाली गेली हे मला सीवूड्सच्या बाजारात कळलं, महिन्यापूर्वी, हातात मेथीची जुडी असताना. फोनवर आमच्या गणित विभागाचे प्रमुख म्हणाले, "सर, मॅडम गेल्या... हार्ट अटॅक." चाळिशीही न गाठलेली पोर! दोन-तीन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला, "कॅल्क्युलसचं प्रॅक्टिकल आता तुम्हीच घ्या." खरं सांगतो, मी नाहीच म्हणणार होतो.

खडू-फळ्यावर जन्म काढलेला मी. वैशालीने आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा मी चिडवायचो, "काय गं, स्वयंपाकालाही मशीनच लावलंयस का?" ती म्हणायची, "लावलंय ना सर, मिक्सर म्हणतात त्याला!" ती बटण दाबायची, उत्तर हजर व्हायचं, आणि मला धडकी भरायची... चुकलं तर कळणार कुणाला?

एकदा मी तिच्या लॅबमध्ये असताना तसंच झालं. एका आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं होतं. आलेख सगळा अक्षाच्या वर, मध्ये शून्यापाशी तर थेट आभाळात गेलेला. मुलांनी सॉफ्टवेअरकडून सूत्र घेतलं, डोळे मिटून किमती टाकल्या आणि उत्तर काढलं : उणे दोन. सगळ्यांनी मुकाट उतरवूनही घेतलं. वैशाली पांढरीफटक पडली. "अरे, क्षेत्रफळ उणे कसं येईल? कुणालाच भीती नाही वाटली? उद्या पूल बांधणार आहात रे तुम्ही!" तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, चिडलीय.

पुढच्या सोमवारी मी लॅबमध्ये शिरलो. प्रोजेक्टर काही केल्या सुरू होईना. शेवटी पुढे बसलेली सानिका म्हणाली, "सर, टेन्शन नका घेऊ. पडदा वर करा, मागे बोर्ड आहे."

पडदा वर गेला. बोर्ड वैशालीच्या अक्षराने भरलेला होता. तिच्या शेवटच्या तासाचं उदाहरण, हाताने सोडवलेलं. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या रीतींनी.

"मॅडम रोज आमच्या आधी येऊन करायच्या," सानिका हळूच म्हणाली. "म्हणायच्या, याच्याशिवाय एंटर दाबायची हिंमतच होत नाही."

म्हणजे तीही घाबरायची... रोज! आणि मी तिला बिनधास्त समजत होतो.

ते पुसायला हात उचलेना. कोपऱ्यात थोडी जागा होती, तिथे त्या दिवसाचं उदाहरण लिहिलं. मुलांकडे न वळताच म्हणालो, "थांबा जरा. आधी मला हाताने करू दे."