डिकीवरचा चेहरा

एस्पान्योलाच्या खोऱ्यात जमिनीला टेकून हळूहळू चालणाऱ्या गाड्या पुष्कळ, पण त्यांच्यावर चेहरा काढावा तो एर्लिंडानेच. तिच्या ब्रशातून डिकीवर उतरतो तो फक्त मेलेल्याचा चेहरा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. अशी गाडी दिसली की म्हातारे टोपी काढतात.

भाऊ बेलार्मिनो गेला, तेव्हा त्याच्याच जुन्या इम्पाला गाडीच्या डिकीवर तिने त्याला दोन महिने खपून रंगवला. त्याच वर्षी शहरातून ग्रेसन आला, बुटांच्या कंपनीचा डिझायनर. तिच्याकडचं मक्याचं पोसोले वाडगा पुसून खाल्लं, डिकीचे फोटो काढले. "फक्त अभ्यासाला," म्हणाला. वर्षभरात बूट बाजारात आले. आतल्या तळव्यावर बेलार्मिनो हसत होता. पाय घाला आणि त्याच्या तोंडावर उभे राहा! एर्लिंडाचं रक्त उकळलं. तिने फोन केला, तर हा म्हणतो, "अगं, तुमच्या संस्कृतीचा सन्मानच केलाय मी."

आणि तोच निर्लज्ज पुन्हा दारात. बुटांचा नवा जोड बाजारात आणायचा होता, दोन महिन्यांनी एका रविवारी रस्त्यावर समारंभ, मिरवायला गाडी हवी होती.

"डिकीवर काय काढू?"

"तुमच्यात सगळ्यात मोठा मान कशाला?"

"चेहऱ्याला," एर्लिंडा म्हणाली. "तुझाच काढते."

गडी फुलून गेला.

तिने कामात कसूर केली नाही. लिलीची फुलं, ढग, जोडलेले हात, मधोमध ग्रेसन. रविवारी गाडी गोगलगाईसारखी निघाली. दुतर्फा टोप्या उतरल्या, बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. ग्रेसन खिडकीतून हात हलवत होता. "बघा, किती मान देतात!"

गाडी थांबली तशी म्हातारी प्रेसिलियाना मागच्या बंपरवर मेणबत्ती लावून त्यालाच विचारती झाली, "बिचारा! कशाने गेला रे?"

हात हवेतच राहिला. पांढराफटक होऊन तो एर्लिंडाकडे धावला.

"पूस ते! मला माहीत नव्हतं गं!"

"विचारलंस कधी? आधी बुटांतून माझा भाऊ काढ. आणि लवकर कर, आजींनी पाद्रीबाबांना तुझं नाव दिलंय. बुधवारी तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थना आहे."

मंगळवारी दुकानांतून बूट उतरले. एर्लिंडाने चेहरा पुसला, फक्त डावा डोळा ठेवला. शेवटचा जोड परत येईपर्यंत लक्ष ठेवायला.