अमोल दिसेनासा झाला, हे इंग्रजीत कसं सांगू?

या सदरातले अनुभव वाचून मनसोक्त हसणाऱ्यांपैकी मी एक. कुणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. असलं काही बोललं की पाढे म्हणायला बसवायचे. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, सोनईत राहते, आणि चष्म्याचा नंबर दिवाळीच्या आधीच तपासून घेतला होता. हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण प्रतिक्रियांमध्ये पहिला प्रश्न तोच येणार.

गावाबाहेर हिराबाईंची वस्ती आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन म्हशी आणि थोडी शेती सांभाळून त्या एकट्या राहतात. त्यांचा मुलगा अमोल माझा विद्यार्थी. बेंगळुरूला नोकरीला लागला, तिथे भेटलेल्या जेसीशी लग्न केलं. जेसी केरळची. तिला मराठी येत नाही, आणि हिराबाईंना मराठीशिवाय काही येत नाही. सासू-सुना बोलायच्या त्या अमोलच्या तोंडून. तो दोघींच्या मध्ये बसून, दोघींची टिंगल करत भाषांतर करायचा. "निम्मं ह्यो मनाचंच सांगतोय बगा बाई," असं हिराबाई मला म्हणायच्या, पण खूश असायच्या.

गेल्या दिवाळीनंतर अमोल एकटाच येऊन राहिला होता. तो निघायच्या दिवशी मी दूध आणायला वस्तीवर गेले होते. रविवार, सकाळी दहाचा सुमार, लख्ख ऊन. धुकं-बिकं काही नाही.

जागा नीट सांगते. हिराबाईंच्या ओट्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट सरळ जाते. दोन्ही बाजूला तेव्हा नुकता लावलेला कांदा, म्हणजे जेमतेम वीतभर पात. ऊस नाही, बाभळ नाही, बांधावर साधं झुडूप नाही. मधोमध विजेचा एक खांब. पलीकडे डांबरीवर वडापची जीप येऊन उभी होती, तीही ओट्यावरून स्वच्छ दिसत होती.

अमोल आईच्या पाया पडला, "बाई, येतो हं" म्हणाला आणि लाल सॅक पाठीला लावून निघाला. आमच्याकडे माणूस निघालं की ते नजरेआड होईपर्यंत दारात उभं राहतात, आधी पाठ फिरवत नाहीत. हिराबाई तर याबाबतीत फारच कडक. पोरगा शाळेत जायचा तेव्हापासून त्या अशा उभ्या राहत आल्यात. मीही शेजारी उभी राहिले.

तो खांबापाशी पोचला असेल... आणि कमी दिसायला लागला.

लांब गेला म्हणून माणूस बारीक दिसतं, तसं नव्हे. उंची तेवढीच होती. सॅकही तेवढीच लाल होती. पण तो कमी होता. चालत होता आणि कमी कमी होत होता — याहून चांगलं मला मराठीतही सांगता येत नाही. मग वाट होती, खांब होता, जीप होती. अमोल नव्हता.

हिराबाई हलल्या नाहीत. जीपवाल्याने दोन-तीनदा हॉर्न मारला. मग त्याचाच फोन आला.

"काकू, अमोल्या निघतोय का न्हाई? शिटा भरल्यात, मी कवाधरनं थांबलोय."

"तुला वाटंवर दिसला न्हाई व्हय रं तो?"

"कुटं? वाटंवर तर कुनीच न्हाई. तुमी दोघी तेवढ्या वट्यावर दिसताय."

मग सगळं झालं. गाव जमलं, विहिरी पाहिल्या, कांदा तुडवला गेला. मोबाईल बंद. मी जे पाहिलं ते पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं, तर साहेब फार नम्रपणे म्हणाले, "मॅडम, पाणी घ्या." त्यांनी मिसिंगची नोंद केली. जेसीला फोन मीच केला आणि तोच शब्द वापरला, कारण दुसरा सुचला नाही.

ती दुसऱ्या दिवशी आली आणि राहिली. मी रोज संध्याकाळी जायचे, दोघींच्या मध्ये अमोलच्या जागेवर बसायचे. टिंगल करायला मला जमत नव्हतं. काही आठवड्यांनी अमोलच्या ऑफिसची मेल आली. त्यात लिहिलं होतं — अ‍ॅबस्काँडिंग. म्हणजे फरार! माझं डोकंच फिरलं. पेढी बुडवून पळालेल्या माणसाचा शब्द, आणि तो आमच्या अमोलला!

जेसी मात्र शांत होती. त्या शब्दाचा अर्थ तरी लागत होता. ती मला इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वतः पाहिलंत. तो मला सोडून गेला, की मेला? मला एक शब्द द्या. कुठलाही असू दे, मी त्याच्याबरोबर जगायला शिकेन."

इतकी वर्षं मुलांना शब्द वाटत आले मी. 'डिसअपिअर्ड' म्हटलं. ती म्हणाली, म्हणजे स्वतःहून? 'व्हॅनिश्ड' म्हटलं. एका क्षणात? नाही गं, क्षणात नाही... 'फेडेड' म्हटलं आणि तिचा चेहरा उतरला. तो आजारी होता का? मला का नाही सांगितलं त्याने? 'डिझॉल्व्ह्ड' ओठांवर आला होता, तो गिळला. साखर विरघळली तर पाणी तरी गोड होतं. इथे मागे काहीच उरलं नव्हतं.

"काय इचारतीय ती?" हिराबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"तिला सांगा बाई, म्याच त्याला बगून बगून संपिवला. जल्मभर त्याच्या पाठीकडं बगत आले. किती पुरंल मानूस?"

मी भाषांतर केलं. आईच्या तोंडची ती माया इंग्रजीत एखाद्या कबुलीजबाबासारखी ऐकू आली. जेसी सासूकडे बराच वेळ बघत राहिली. मी घाईघाईने सारवासारव केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती निघाली. तिलाही नोकरी होती. सकाळचीच वेळ, तीच जीप. तिने वाकून नमस्कार केला, "आई, येते" एवढं मराठीत म्हणाली आणि चालू लागली. ती ओटा उतरली मात्र, हिराबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. पदर डोळ्यांवर दाबून धरला. "बाई, तुमीबी बगू नका! हात जोडते, बगू नका तिच्याकडं!"

मी, तीन पिढ्यांची मास्तरीण, मुकाट्याने भिंतीकडे वळले. जीप सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

संध्याकाळी जेसीचा फोन आला. अमोलने तिला लग्नानंतर सांगून ठेवलं होतं म्हणे, की आई, तू दिसेनाशी होईपर्यंत, दारात उभी राहील, खांबापाशी वळून तिला हात कर. ती वळली होती. तिने हात केला होता. समोर दोन पाठी होत्या.

मी तिला सगळं समजावलं. अगदी सोप्या इंग्रजीत, एकही अवघड शब्द न वापरता सांगितलं, की ती तुझ्यासाठी घाबरली होती, तू शाबूत राहावीस म्हणून तिने पाठ फिरवली. जेसी ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, शी कुड नॉट ईव्हन लुक अ‍ॅट मी." तिचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता. नंतर फोन कमी झाले. आता तिचा तो नंबर लागत नाही.

अमोलचं काय झालं, मला माहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटले, शास्त्राच्या सरांना विचारलं, त्या वाटेवरून कितीतरी वेळा चालले. खांब आहे, कांदा काढून झाला, काहीच कळलं नाही. कळेल अशी आशाही आता वाटत नाही.

हिराबाई आता कुणालाच दारात येऊन निरोप देत नाहीत. मी दूध घेऊन निघाले की भिंतीकडे वळतात आणि तशाच विचारतात, "ती नीट पोचली न्हवं?"

"पोचली," मी म्हणते.

"फोन येतो तिचा?"

"येतो ना. तुमची चौकशी करते."

"मंग बरं झालं बाई, तिच्याकडं बगितलं न्हाई ते."